पुरावा आणि परिसर : अभिजात रहस्यकथा व स्थानिक इतिहासाचे वाचन

अभिजात रहस्यकथा आणि स्थानिक इतिहासाची पुस्तके ग्रंथालयात वेगवेगळ्या कपाटांत असतात. त्यांचा वाचक मात्र पुष्कळदा एकच असतो. दोन्ही प्रकारांत जागा मर्यादित असते आणि माणसे मोजकी असतात. जे घडून गेले ते मागे राहिलेल्या खुणांवरून जुळवावे लागते. गुन्हा होऊन गेल्यावर गुप्तहेर येतो, गाव पालटून गेल्यावर इतिहासकार येतो. दोघेही उशिराच पोहोचतात, आणि दोघांनाही साक्षी, कागद व जागेची पाहणी यांवरच भागवावे लागते. या दोन वाचनांचा संबंध केवळ आवडीचा नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्यांनी एकमेकांकडून प्रसंग, रीत आणि प्रश्नही घेतले आहेत.

रहस्यकथेचा आरंभ साधारणपणे एडगर ॲलन पो याच्या १८४१च्या ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ या कथेपासून मानतात. ती पॅरिसमध्ये घडते, पण पो स्वतः पॅरिसला कधी गेला नव्हता. त्याच्या पुढच्या कथेचा मामला आणखी वेगळा आहे. न्यूयॉर्कमध्ये तंबाखूच्या दुकानात काम करणाऱ्या मेरी रॉजर्स या तरुणीचा मृतदेह १८४१मध्ये हडसन नदीत सापडला. पोने ते प्रकरण जसेच्या तसे उचलले, गावांची व माणसांची नावे फ्रेंच केली आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्या एकमेकींशी ताडून पाहत ‘द मिस्टरी ऑफ मारी रोजे’ लिहिली. कथा म्हणून ती रूक्ष आहे. बातमीतली विसंगती हेरण्याचा धडा म्हणून ती आजही वाचण्याजोगी आहे. एका शहरातल्या एका घटनेचे छापील कागद समोर ठेवून प्रत्येक विधानाला ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची ही रीत स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकालाही रोज लागते.

इंग्लंडमध्ये हा धागा एका खेड्यातल्या घरात सापडतो. विल्टशर आणि सॉमरसेट या परगण्यांच्या सीमेवर रोड नावाचे गाव आहे. तेथील रोड हिल हाउस या घरात जून १८६०च्या अखेरच्या रात्री चार वर्षांचाही नसलेला सॅव्हिल केंट हा मुलगा झोपेतून उचलून नेऊन मारला गेला. स्कॉटलंड यार्डची गुप्तपोलीस शाखा १८४२मध्ये निघाली, तेव्हाच्या पहिल्या मंडळींपैकी जॉनथन व्हिचर तपासाला आला. मुलाची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिच्या कपड्यांच्या यादीतला रात्रीचा एक झगा नाहीसा झाला होता. त्यावर त्याने सारी मांडणी केली आणि तिला अटक केली. एका कामगाराच्या पोराने सभ्य घराण्यातल्या मुलीवर आळ घ्यावा हे लोकांना रुचले नाही. ती सुटली, व्हिचरची अब्रू गेली. १८६५मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःहून गुन्हा कबूल केला.

विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी १८६८ची. तिच्यातल्या सार्जंट कफमध्ये व्हिचरची छाया आहे आणि हरवलेल्या झग्याच्या जागी ओल्या रंगाचा डाग पडलेला झगा आला आहे. कादंबरीतला हिरा मात्र सोमनाथाच्या देवळातला आणि १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत हाती लागलेला. विलायतेतल्या एका घराच्या दिवाणखान्यात हिंदुस्थानातल्या लुटीचा जाब विचारला जातो, ही या कादंबरीची खरी ताकद आहे. तिच्या नंतरच्या बहुतेक कौटुंबिक रहस्यकथांनी हिरा ठेवला आणि लूट विसरली. रोड हिल हाउसची हकिकत पुढे केट समरस्केल यांनी २००८च्या ‘द सस्पिशन्स ऑफ मिस्टर व्हिचर’ या पुस्तकात कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रे आणि घराचा आराखडा यांच्या आधारे पुन्हा मांडली. कॉलिन्स आणि समरस्केल लागोपाठ वाचले, तर एकाच घटनेने कादंबरीला काय दिले आणि इतिहासाला काय दिले, हे दिसते. समरस्केल यांच्या पुस्तकात स्वयंपाकघराची वेळ, दाराची कडी, धोब्याकडे जाणारे कपडे अशा गोष्टींना पूर्ण वजन मिळते, आणि एका खेड्याच्या घरगुती जगण्याचा त्यापेक्षा बारीक तपशील क्वचितच कुठे एकत्र सापडतो.

आर्थर कॉनन डॉयल स्वतःच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना शेरलॉक होम्सच्या कथांपेक्षा मोठे मानत असे. १८९३मध्ये त्याने होम्सला मारले त्यामागे त्या कामाला सवड मिळावी हा हेतू होता. त्याची इतिहासाची ओढ होम्सकथांतही उतरली आहे. ‘द मस्ग्रेव्ह रिच्युअल’ ही कथा तर स्थानिक इतिहासाच्या पद्धतीचा छोटा पाठच आहे. एका जुन्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुले एक प्रश्नोत्तरी पाठ म्हणत आली आहेत. अर्थ कुणालाच ठाऊक नाही. होम्स त्याकडे जमिनीचा कागद म्हणून पाहतो. पाठात एल्म वृक्षाच्या सावलीचा उल्लेख आहे, पण झाड वीज पडून केव्हाच नष्ट झालेले. मात्र घरमालकाला त्याची उंची, ६४ फूट, तोंडपाठ आहे, कारण लहानपणी शिक्षकाने त्रिकोणमितीचे गणित म्हणून ती काढून घेतली होती. सहा फुटांच्या काठीची सावली नऊ फूट, म्हणून झाडाची ९६ फूट. तेथून पावले मोजायची. खूण नाहीशी झाली तरी तिचे माप कुणाच्या तरी आठवणीत किंवा हिशेबात राहिलेले असते. हे ज्याला कळले त्याला बुजलेली विहीर, पडलेली वेस किंवा हलवलेले देऊळ शोधता येते.

डॉयलची १९०१-०२मधली ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन या मित्राकडून ऐकलेल्या दंतकथेवरून सुचली आणि त्याच्याबरोबर डार्टमूर पाहून लिहिली गेली. माळरानावरची दलदल, प्रिन्सटाउनचा तुरुंग, कांस्ययुगातल्या दगडी झोपड्यांची वर्तुळे हे सारे तेथे खरेच आहे. अशाच एका झोपडीत होम्स लपून राहतो. अंतरे डॉयलने सोयीप्रमाणे ताणली आहेत, म्हणून कादंबरी हा नकाशा नव्हे. पण ती वाचून डार्टमूरचा इतिहास हाती घेणाऱ्याला पहिली ओळख झालेली असते.

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांमधला काळ रहस्यकथेचे सुवर्णयुग समजला जातो. या काळात वाचकाशी सचोटीने वागण्याचा करार लेखकांनी उघडपणे मान्य केला. रोनल्ड नॉक्सने १९२९मध्ये दहा नियम लिहिले आणि १९३०मध्ये लंडनला डिटेक्शन क्लब स्थापन झाला. नियमांचे सार असे, की उकल ज्या धाग्यांवरून होते ते सर्व वाचकाच्या नजरेखालून गेलेले असले पाहिजेत. इतिहासलेखनात हेच काम तळटीप करते. ज्या स्थानिक इतिहासात ‘असे सांगतात’ आणि ‘सर्वश्रुत आहे’ एवढाच आधार असतो, त्याचा लेखक धागे लपवणाऱ्या रहस्यकथाकाराइतकाच वाचकावर अन्याय करतो. या वाङ्मयाची पारख करायला एवढी एक कसोटी पुरेशी आहे: निष्कर्षाबरोबर पुरावाही हाती दिला आहे काय?

या काळातल्या कथांचे खेडे बंदिस्त असते. अगाथा ख्रिस्तीचे सेंट मेरी मीड (१९३०च्या ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’मधले) हे त्याचे सर्वांत परिचित रूप. डब्ल्यू. एच. ऑडनने १९४८च्या निबंधात असे म्हटले, की हे खेडे निष्पापतेच्या कल्पनेवर उभे असते, खुनाने ती भंगते आणि उकलीने परत येते. त्याआधी १९४४मध्ये रेमंड चँडलरने याच खेड्याच्या खोटेपणावर कडाडून टीका केली होती. चँडलरचे म्हणणे कथानकांच्या बाबतीत बरोबर असले तरी तपशिलाच्या बाबतीत ते अपुरे आहे. ख्रिस्तीची पहिली कादंबरी ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ १९२०मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यातला गुप्तहेर प्वारो हा बेल्जियन निर्वासित आहे आणि ख्रिस्तीच्या टॉर्की गावात युद्धकाळी खरेच बेल्जियन निर्वासित आले होते. कादंबरीतल्या घरात काटकसर म्हणून कागदाचा कपटाही वाया जात नाही. म्हणूनच कडक उन्हाळ्यात शेकोटी पेटवायला सांगितल्याचे प्वारोच्या मनात खटकते. युद्धकाळातली काटकसर येथे धागा म्हणून आली आहे, आणि शंभर वर्षांनी तीच गोष्ट इतिहासाचा पुरावा झाली आहे. दिवसातून कितीदा टपाल येई, मोलकरणीला सुट्टी कोणत्या वारी असे, कोणती गाडी कोणत्या स्टेशनावर थांबे, हे सांगितल्याखेरीज जागेवर नसल्याची सबब उभी करता येत नाही. त्यामुळे या कथांत रोजच्या जगण्याची नोंद अजाणता पण काटेकोरपणे झाली आहे.

परिसराला कथेचा गाभा करण्याचे काम डोरोथी सेयर्सने केले. १९३४ची ‘द नाइन टेलर्स’ पूर्व इंग्लंडच्या फेन्स या पाणथळ मुलखात घडते. सेयर्सचे वडील तेथे पाद्री होते आणि तिचे बालपण ब्लंटिशम या गावी गेले. सतराव्या शतकात डच अभियंता व्हर्माय्डन याने पाणी उपसून हा मुलूख लागवडीखाली आणला; तेव्हापासून कालवे, दरवाजे आणि बांध कोणी राखायचे हा तिथला कायमचा वाद आहे. कादंबरीतले चर्च, घंटांवरची नावे आणि लेख, ठरलेल्या गणिती क्रमाने तासन्‌तास चालणारे घंटावादन आणि शेवटचा पूर या साऱ्यांतून कथा निघते. त्यातले काही काढले तर गुन्हाच उरत नाही. एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाला घंटांची ही पाने असह्य वाटली. घाईच्या वाचकाला ती तशी वाटतीलही. पण ज्याला परिसराचे वाचन करायचे आहे त्याच्यासाठी याच पानांत पुस्तकाचा जीव आहे.

गुप्तहेरानेच इतिहासाचा छडा लावायचा, हा प्रयोग जोसेफीन टे हिने १९५१च्या ‘द डॉटर ऑफ टाइम’मध्ये केला. पाय मोडून दवाखान्यात पडलेला इन्स्पेक्टर ग्रँट तिसऱ्या रिचर्डचे चित्र पाहतो आणि पुतण्यांचा खुनी म्हणून बदनाम झालेल्या या राजाचा खटला पुन्हा उघडतो. थॉमस मोरची हकिकत प्रमाण मानली जाई, पण त्या घटनांच्या वेळी मोर लहान पोर होता, मग ती ऐकीव साक्ष ठरते; ग्रँटचा हा मुद्दा बिनतोड आहे. पुस्तकाने कित्येकांना मूळ साधनांकडे वळवले, हे त्याचे मोठे श्रेय. इतिहासकारांचा आक्षेपही तितकाच खरा: हा बचाव होरेस वॉल्पोलने १७६८मध्ये आणि क्लेमंट्स मार्कमने १९०६मध्ये मांडलेलाच होता, आणि टेने विरुद्ध बाजूच्या कागदांना पुरेशी जागा दिली नाही. पुढे सप्टेंबर २०१२मध्ये लेस्टर शहरात मोटारी उभ्या करण्याच्या एका जागेखाली रिचर्डचा सांगाडा मिळाला आणि फेब्रुवारी २०१३मध्ये त्याची ओळख जाहीर झाली. ती जागा ठरवताना पाडलेल्या मठाची माहिती, शहराचे जुने नकाशे, आणि १६१२मध्ये रॉबर्ट हेरिकच्या बागेत पाहिलेल्या स्मृतिस्तंभाची नोंद, असे गावपातळीवरचे पुरावे कामी आले. सांगाड्याचा कणा वाकडा निघाला. राजाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे व्यंग शत्रूंची कुचाळकी ठरवले होते. शत्रूंनी रंगवलेला वाळलेला हात मात्र तेथे नव्हता. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यातले थोडे टिकले, थोडे गेले. पुतण्यांचे काय झाले हे हाडांनी सांगितले नाही.

कॉलिन डेक्स्टरच्या १९८९मधल्या ‘द वेंच इज डेड’ने टेचीच चौकट घेऊन तिच्यात एक नवे पात्र आणले, ते म्हणजे स्थानिक इतिहासाची पुस्तिका. आजारी इन्स्पेक्टर मोर्सच्या हाती दवाखान्यातच वारलेल्या एका निवृत्त कर्नलने लिहिलेली, ऑक्सफर्ड कालव्यावरच्या १८५९मधल्या खुनाची छोटी पुस्तिका पडते. मोर्स ती संशयाने वाचतो आणि फाशी गेलेल्या नावाड्यांच्या खटल्यातली भोके दिसू लागतात. कथेमागची खरी घटना १८३९ची आहे: ख्रिस्टिना कॉलिन्स ही प्रवासी बाई स्टॅफर्डशरमध्ये रूजलीजवळ कालव्यात मृत सापडली आणि दोन नावाड्यांना फाशी झाली. गावातल्या एखाद्या हौशी माणसाने खपून लिहिलेली पुस्तिका कशी वाचावी याचे यापेक्षा चांगले चित्रण कथावाङ्मयात नसेल. मोर्स लेखकाचा मान राखतो, त्याने जमवलेले कागद स्वीकारतो आणि त्याचा निष्कर्ष तेवढा बाजूला ठेवतो.

स्थानिक इतिहास हा स्वतंत्र प्रकार म्हणून रहस्यकथेपेक्षा फार जुना आहे. विल्यम डगडेलचा वॉरिकशरचा इतिहास १६५६चा, गिल्बर्ट व्हाइटचे सेलबोर्नवरचे पुस्तक १७८९चे. १८९९मध्ये इंग्लंडच्या प्रत्येक परगण्याचा इतिहास लिहिण्याचे मोठे काम सुरू झाले. बराच काळ या लेखनात जमीनदारांच्या वंशावळी आणि चर्चमधली थडगी यांचेच प्रस्थ होते. तो रोख १९४८मध्ये लेस्टरला निघालेल्या स्थानिक इतिहासाच्या विद्यापीठीय विभागाने आणि त्याचा पहिला प्रमुख डब्ल्यू. जी. हॉस्किन्स याने बदलला. त्याच्या १९५५च्या ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप’ने कुंपण, पायवाट, शेताचे सरी-वरंबे यांना कागदाइतकेच बोलके मानले.

याच सुमारास मॉरिस बेरसफर्डने शोधलेला विषय रहस्यकथेच्या सर्वांत जवळ जातो. इंग्लंडच्या कुरणांत दिसणारे उंचवटे आणि खळगे म्हणजे नाहीशी झालेली गावे आहेत, हे त्याने करवसुलीचे कागद आणि जमीन ताडून दाखवले. त्याचे ‘द लॉस्ट व्हिलेजेस ऑफ इंग्लंड’ १९५४मध्ये आले. यॉर्कशरच्या व्हॅरम पर्सी या ओसाड गावी जॉन हर्स्टच्या साथीने १९५०पासून १९९०पर्यंत दर उन्हाळ्यात उत्खनन झाले. गाव कुणी मारले? लोकांची समजूत प्लेगकडे बोट दाखवी. पण प्लेगनंतरही तेथे वस्ती होती. शेवटची कुटुंबे साधारण १५००च्या सुमारास उठवली गेली, कारण जमीनमालकांना शेतीपेक्षा मेंढ्या फायद्याच्या वाटल्या. गुन्हेगार साथीचा रोग नसून लोकरीचा बाजारभाव होता. एका खुनाची उकल वाचताना जी उत्कंठा लागते ती येथे चाळीस वर्षांच्या कामाला लागून आहे, आणि बळी पडलेले खरे लोक आहेत.

फ्रान्समध्ये एमान्युएल ल रुआ लादुरीच्या १९७५च्या ‘माँतायू’ने वेगळी वाट काढली. पिरेनीज पर्वतातल्या या सुमारे अडीचशे वस्तीच्या खेड्याची माहिती आली ती १३१८ ते १३२५ या काळात बिशप झाक फुर्निये याने पाखंड्यांच्या चौकशीत घेतलेल्या जबान्यांतून. चौकशी करणाऱ्याला धर्मद्रोह हवा होता. इतिहासकाराने त्याच कागदांतून मेंढपाळांच्या वाटा, शेजारणींच्या गप्पा आणि प्रेमप्रकरणे वाचली. जबानी भीतीपोटी दिलेली आहे हे मात्र वाचकाने विसरू नये, आणि लादुरीवर तशी टीकाही झाली. गुप्तहेर आणि इतिहासकार यांच्यातल्या साम्याचा तात्त्विक विचार दोघांनी केला. आर. जी. कॉलिंगवुडने मृत्यूनंतर १९४६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’त एक काल्पनिक खून रचून इतिहासकाराचे तर्क समजावले. कार्लो गिन्झबर्गने १९७९च्या निबंधात होम्स, फ्रॉइड आणि चित्रकाराला कानानखांच्या रेखाटनावरून ओळखणारा मोरेल्ली यांना एका रांगेत बसवले: क्षुल्लक तपशिलातून मोठे अनुमान काढण्याची एकच परंपरा.

भारतात हे दोन प्रवाह बंगालीत सर्वांत सहज मिसळले. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलुदा १९६५मध्ये अवतरला. त्याच्या बहुतेक कथा एखाद्या गावाची वा वास्तूची नीट ओळख करून देतात. एका कथेत कोलकात्याची १७६७मध्ये सुरू झालेली पार्क स्ट्रीटची दफनभूमी आहे, तर ‘कैलासे केलेंकारी’मध्ये भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातून चोरलेल्या यक्षीच्या मस्तकाचा माग काढत फेलुदा वेरूळला येतो. अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे फेलुदा मराठी मुलांच्या हाती पोहोचला. ब्योमकेश या गुप्तहेराचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा महाराष्ट्राशी संबंध अधिक जवळचा: चित्रपटांच्या कामासाठी ते मुंबईत आले, १९५२पासून पुण्यात राहिले, ब्योमकेशची एक कथा त्यांनी महाबळेश्वरात घडवली आणि शिवकाळातल्या सदाशिव या मुलाच्या साहसकथाही लिहिल्या.

मराठीत मात्र ही दोन दालने दूर राहिली. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून झुंजार आणि काळा पहाड घरोघरी नेले, पण त्यांचा भर वेगावर व साहसावर होता, परिसर पार्श्वभूमीपुरता. स्थानिक इतिहासाची परंपरा भक्कम आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३चे, ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८चे, त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ १९१५चा. वि. का. राजवाडे यांनी १८९८पासून छापलेली साधने आणि १९१०मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी घरोघरची दप्तरे अभ्यासाच्या टप्प्यात आणली.

त्या दप्तरांतले एक प्रकरण कोणत्याही रहस्यकथेच्या तोडीचे आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७मध्ये झाला असे बखरींच्या आधारे मानले जाई. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात घटनांच्या तारखांची एक शकावली होती. ती लोकमान्य टिळकांकडे आली आणि १९१६मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी आहे. एका घरच्या टिपणावरून एवढा बदल मानायचा का, यावर दीर्घ वाद झाला. पुढे परमानंदाच्या ‘शिवभारता’त तीच तिथी आढळली आणि जोधपूरकडे मिळालेल्या कुंडलीनेही तिला दुजोरा दिला. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन साक्षी एकाच दिवसावर येतात, हे त्या निर्णयाचे बळ. बखर रसाळ असते, शकावली कोरडी. पुराव्यात कोरड्या कागदाचे वजन अधिक भरते.

वतनाच्या तंट्यांतले महजर तर न्यायसभेचेच कागद आहेत. पाटीलकी कोणाची हे ठरवायला गावचे बलुतेदार, शेजारगावचे पाटील आणि देशमुख जमत, साक्षी होत, जुने कागद तपासले जात, प्रसंगी दिव्य करवले जाई आणि निवाड्याखाली हजर असलेल्यांची नावे व निशाण्या पडत. कुणबी नांगर काढी, सुतार वाकस. यांतल्या एकेका तंट्यात खोटा कागद, फुटलेला साक्षीदार आणि परागंदा वारस अशी सामग्री आहे. मोडी येणाऱ्या कथाकाराची ती वाट पाहत आहे.

सामान्य वाचकाला या वाङ्मयात शिरण्यासाठी मोडीची गरज नाही. नगरपालिकांच्या शताब्दी स्मरणिका, घराण्यांचे कुलवृत्तांत, देवस्थानांच्या पुस्तिका आणि जिल्ह्यांची गॅझेटियरे जुन्या ग्रंथालयांत मिळतात. दर्जा कमीअधिक असतो. स्थलमाहात्म्य आणि नोंद एकाच पानावर नांदतात, संस्थापकाचे गुणगान लांबते आणि गावकुसाबाहेरची वस्ती एका ओळीत संपते. अशी पुस्तिका नकाशा शेजारी ठेवून वाचावी. कोणाची साक्ष घेतलेली नाही ते टिपावे. आणि पाणी, रस्ते, बाजार, हद्दी यांबद्दलची विधाने आधी तपासावीत, कारण ती जागेवर जाऊन पडताळता येतात. रहस्यकथेचे दुसरे वाचन असेच असते. गुन्हेगार ठाऊक झाल्यावर लेखकाने प्रत्येक धागा कुठे ठेवला होता ते दिसते, आणि चांगल्या कथेत ही दुसरी खेप पहिलीपेक्षा समृद्ध होते. एक फरक मात्र कायम राहतो. रहस्यकथेला शेवटच्या प्रकरणात उत्तर द्यावेच लागते. गावाच्या इतिहासात काही प्रश्न खुले ठेवणे हेच प्रामाणिक लेखकाचे काम असते, आणि एखाद्या माळ्यावरचे दप्तर सुटले की ठरलेले उत्तरही पुन्हा तपासावे लागते.